होमस्टेतले अंथरूण-पांघरूण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोलीतली चादर, अभ्रे आणि अंगाला लागणारे प्रत्येक कापड पाहुणा बदलला की धुवायचे असते, मग तो एक रात्र राहिलेला असो की आठवडाभर. घरी दिवस मोजून चालते, कारण तिथे रोज तीच माणसे झोपतात. आठवड्यातून एकदा चादर बदलली की पुरते. होमस्टे, न्याहारी निवास, व्हिला किंवा यात्रेकरूंच्या खोल्यांत दिवस नव्हे, माणसे मोजावी लागतात. नाशिकमध्ये तर हा हिशेब चांगलाच ताणला जातो. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरात यात्रेकरू एका मुक्कामासाठी येतात, गंगापूर धरणाच्या बाजूच्या व्हिलांमध्ये मुंबईची मंडळी शनिवार-रविवार काढून जातात आणि इगतपुरीला पावसाळी गर्दी लोटते. एकाच गादीवर आठवड्यात तीन कुटुंबे झोपून जाणे इथे नवलाचे नाही.

‘एकच रात्र तर झोपले होते, चादर स्वच्छच दिसते आहे’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत सोयीचा गैरसमज. झटकून, सुरकुत्या काढून, इस्त्री फिरवून तीच चादर पुन्हा अंथरली जाते. पण एका रात्रीत कापडात जे उतरते ते डोळ्यांना दिसत नाही : घाम, त्वचेचे कोंड्यासारखे सूक्ष्म कण, केसांचे तेल, उशीवर लाळ. झटकल्याने केस आणि धूळ जाते, घाम आणि तेल धाग्यातच राहते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवस तग धरू शकतो. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते आणि कपड्यांतून पसरण्याचा धोका त्यामानाने कमी असतो, हे खरे. मात्र सकाळी ११ला एक पाहुणा गेला आणि दुपारी २ला दुसरा आला, तर मधले अंतर तीन तासांचेच असते. डबल बेडवर एकच माणूस झोपला म्हणून दुसऱ्या बाजूचा अभ्रा तसाच ठेवणेही याच गैरसमजात मोडते. कोणती उशी डोक्याखाली होती आणि कोणती पायाखाली, हे खोली आवरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

याच्या नेमके उलटे टोक म्हणजे ‘चांगल्या ठिकाणी चादर रोज बदलतात’ ही समजूत. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी आलेले कुटुंब तीन दिवस राहते. त्यांचीच चादर रोज धुतल्याने आरोग्याचा काही लाभ होत नाही. पाणी, साबण आणि कापडाचे आयुष्य मात्र खर्ची पडते. मुक्काम लांबला तर तीन-चार दिवसांनी बदल पुरेसा. मोठ्या हॉटेलांत ‘चादर बदलून हवी असल्यास हे कार्ड पलंगावर ठेवा’ अशी पाटी असते, ती त्याच पाहुण्याच्या मुक्कामापुरती. तिचा आधार घेऊन पुढच्या पाहुण्याला जुनी चादर देता येत नाही. अपवाद उघड आहेत : रामकुंडावरून ओल्या कपड्यांनी येऊन पलंगावर टेकलेली माणसे, तापाने फणफणलेले मूल, अंथरुणात सांडलेला चहा. तिथे दिवस मोजत बसायचे कारण नाही.

खरी गफलत चादरीत नसते, पांघरुणात असते. चादर बदलली की अंथरूण बदलले, असे मालकालाही वाटते आणि पाहुण्यालाही. पायथ्याशी घडी घातलेले ब्लँकेट, रजई, दुलई मात्र पाहुण्यामागून पाहुण्याच्या अंगावर फिरत राहते. नाशिकच्या हिवाळ्यात हे विशेष खटकते. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि अशा रात्री पाहुणा रजई नाकावर ओढून झोपतो. म्हणजे ज्या कापडाशी चेहऱ्याचा सर्वाधिक संबंध येतो, तेच सर्वांत कमी वेळा धुतलेले असते.

या बाबतीत सर्वांच्या ओळखीचे उदाहरण रेल्वेचे आहे. वातानुकूलित डब्यातल्या चादरी आणि अभ्रे रोज धुतले जातात, ब्लँकेट मात्र दोन महिन्यांतून एकदा, असे रेल्वे राज्यमंत्री मनोज सिन्हा यांनी २०१६मध्ये राज्यसभेत सांगितले, तेव्हा देशभर नाके मुरडली गेली. २०२४च्या अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत दिलेल्या उत्तरात हा काळ महिन्यातून किमान एकदा इतका झाला होता. त्याच उत्तरातला दुसरा भाग फारसा कोणी लक्षात घेतला नाही : प्रवाशाला दिली जाणारी जादा चादर ब्लँकेटला आच्छादन म्हणून वापरण्यासाठी असते. ऑक्टोबर २०२५मध्ये तर जयपूर-असारवा गाडीत ब्लँकेटला धुता येईल अशी छापील खोळच घालण्याचा प्रयोग सुरू झाला.

होमस्टेसाठी धडा नेमका इथे आहे. जे प्रत्येक पाहुण्यामागे धुता येत नाही, ते उघडे द्यायचे नाही. जाड लोकरी ब्लँकेट किंवा कापसाची रजई दर दोन दिवसांनी धुणे कुणालाच शक्य नाही. कापसाची रजई तर पाण्यात घातली की आतल्या कापसाचे गोळे होतात आणि ती कामातून जाते. तिला सुती खोळ घालावी, आणि खोळ चादरीबरोबर धुवावी. खोळ नसेल तर रजईखाली एक पातळ चादर अंथरून डोक्याकडची हातभर कड रजईवर उलटी दुमडावी, म्हणजे तोंडाशी येते ते धुतलेले कापड. एवढी व्यवस्था असेल तर ब्लँकेट गर्दीच्या दिवसांत पंधरवड्याने किंवा महिन्याने धुतले तरी चालते. त्यापेक्षा सोलापुरी चादर किंवा दोहर बरी. ती पाहुण्यागणिक धुता येते आणि दोन-तीन एकावर एक घेतल्या तर थंडीही भागते. पलंगाच्या शोभेसाठी ठेवलेल्या रंगीत पट्ट्या आणि मखमली लोड कोणी धूत नाही, आणि पाहुणे त्यावर प्रवासाच्या पिशव्या ठेवतात. त्या मुळातच नसलेल्या चांगल्या.

‘कडक उन्हात टाकले की धुण्याची गरज नाही’ ही समजूत अर्धी खरी असल्यामुळे लवकर जात नाही. ऊन कापड कोरडे करते, तापवते, कुबट वास घालवते. उन्हात तापलेल्या अंथरुणातल्या धुळीच्या किड्यांची संख्या घटते, हेही खरे. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, चावतही नाहीत. ते माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे दमा, शिंका, नाक चोंदणे असे त्रास होतात. उन्हाने किडा मेला तरी ही प्रथिने कापडातच राहतात, ती पाण्याने धुऊन निघतात. उन्हाची मात्रा जाड गादीच्या वरच्या थरापलीकडे फारशी जातही नाही. गादी, उशी, रजई यांना ऊन द्यावेच, पण चादरीच्या बाबतीत ऊन हे धुण्यानंतरचे काम आहे.

पांढरेशुभ्र म्हणजे स्वच्छ, हेही तितकेसे खरे नाही. नीळ कापडाचा पिवळटपणा झाकते. डिटर्जंट पावडरीतले चमक देणारे द्रव्य अदृश्य अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, म्हणून चादर उजळ दिसते. दोन्हींचा संबंध दिसण्याशी आहे. कडक खळ आणि धारदार इस्त्री केलेली न धुतलेली चादरही नवी वाटू शकते, आणि सुगंधी फवारा मारला तर शंकाही येत नाही. हॉटेले पांढरे कापड घेतात ते निराळ्या कारणाने : रंग जाण्याची भीती नसल्यामुळे ते गरम पाण्यात आणि ब्लीचमध्ये घालता येते, आणि डाग लपत नाही. रंगीत, छापील चादर धुतलेली असेल तर ती कमी स्वच्छ ठरत नाही. धुलाईत पावडर जास्त घातल्यानेही कापड अधिक निघत नाही. न खळबळलेला साबण धाग्यात राहून कापड राठ होते आणि संवेदनशील त्वचेला खाज सुटते. बोअरचे पाणी जड असेल तर हे लवकर जाणवते.

गरम पाण्याबद्दल दोन समजुती आहेत. एक म्हणजे गार पाण्याने धुतलेले काही खरे नाही. वास्तविक साध्या पाण्यात चांगल्या साबणाने धुतले तरी घाम, तेल आणि ॲलर्जीची बहुतेक प्रथिने निघून जातात. धुळीचे किडे आणि खरजेचे किडे मारायचे असतील तेव्हा उष्णता लागते. धुळीच्या किड्यांसाठी ६० अंश सेल्सियसचे पाणी खात्रीचे मानतात. ब्रिटनच्या रुग्णालयांत ६५ अंशांवर किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांवर किमान ३ मिनिटे असा दंडक आहे, पण तो आजाऱ्यांच्या कपड्यांसाठी. पाहुण्यांच्या खोलीला तो लावण्याची गरज नाही. हीटर असलेले यंत्र असेल तर सुती पांढऱ्या कापडासाठी ६० अंश ठेवावेत. नसेल तर साधी धुलाई, पूर्ण वाळवण आणि दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री हा मार्ग व्यवहार्य आहे.

दुसरी समजूत म्हणजे गरम पाण्याने सगळे डाग जातात. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, त्याला आधी गार पाणीच हवे. नाशिकच्या खोल्यांत नेहमी भेटणारे डाग तर आपापल्या तऱ्हेने वागतात. पूजेहून आलेल्या हाताची हळद साबण लागताच लालभडक होते आणि धुणारा घाबरून आणखी घासत बसतो. वास्तविक तो अल्कलीमुळे झालेला रंगबदल आहे, खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो, आणि उरलेला पिवळेपणा दोन-तीन उन्हांत फिका पडतो. लाल वाइनचा डाग साबणाने निळसर होतो. तो ओला असतानाच टिपून पाण्याने धुवायचा, चोळायचा नाही. अभ्र्यावरच्या केसतेलाला धुण्याआधी भांड्यांचा साबण लावून ठेवावा लागतो. डागावर इस्त्री फिरली की मग तो जवळजवळ कायमचा.

ढेकणांविषयी मालक सर्वाधिक अस्वस्थ असतात, आणि सर्वाधिक गैरसमजही तिथेच आहेत. ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. ते बॅगांतून, कपड्यांतून, जुन्या फर्निचरमधून येतात आणि लख्ख खोलीतही तितकेच रमतात. ते रोग पसरवतात याचाही पुरावा नाही. चावल्याची खाज आणि झोपमोड हा त्यांचा उपद्रव. रोज चादर धुतल्याने ढेकूण जात नाहीत, कारण ते चादरीत राहतच नाहीत. गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत दडतात आणि रात्री बाहेर येतात. चादर बदलताना गादीची कड उचलून शिवणीवर काळे ठिपके आहेत का हे पाहणे, हा धुण्यापेक्षा उपयोगी उपाय. खोली आठ-पंधरा दिवस बंद ठेवली की ते उपाशी मरतात हेही चूक. प्रौढ ढेकूण कित्येक महिने अन्नाशिवाय काढू शकतो.

‘धुतले की झाले’ हा गैरसमज पावसाळ्यात महागात पडतो, कारण धुणे सोपे आणि वाळवणे अवघड असते. अर्धवट वाळलेली चादर घडी घालून कपाटात गेली की दुसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो. ओलसर कापडावर मोराक्सेला जातीचे जिवाणू वाढल्याने तो येतो, आणि नुसती इस्त्री फिरवून जात नाही. पाहणी मधल्या कापडाची करू नये, ते आधी वाळते. दुमडून शिवलेली कड आणि कोपरा चिमटीत धरावा, गार लागला तर चादर ओली आहे. अशा दिवसांत यंत्रात दोनदा पिळून घेणे, छताखाली पंखा लावून एकेरी वाळत घालणे किंवा थेट ड्रायर असलेल्या लॉन्ड्रीकडे देणे हे उपाय उरतात.

म्हणून कापड किती वेळा धुवायचे, याचे उत्तर कापडाचे जोड किती आहेत यावर अवलंबून असते. व्यवसायातला रुळलेला हिशेब एका पलंगाला तीन जोडांचा : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत घरमालकाला जास्तीत जास्त सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा देता येतात. सहा डबल बेड धरले तर १८ मोठ्या चादरी आणि ३६ अभ्रे एवढा संच हवा, आणि पावसाळ्यासाठी चौथा जोड. जोड दोनच असले की ‘ही चादर अजून चालेल’ असा मोह होतोच. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार आगामी सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे. २०२७मधली अमृतस्नाने मात्र २ ऑगस्टला, ३१ ऑगस्टला, आणि तिसरे नाशिकला ११ व त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. तिन्ही पावसाळ्यात. म्हणजे पाहुणे सर्वांत वेगाने बदलतील तेव्हाच दोऱ्या सर्वांत सावकाश वाळतील. त्र्यंबकेश्वरात नाशिक शहरापेक्षा पाऊस जास्त, तिथे ही अडचण आणखी मोठी.

राहिली गादी आणि उशी. दहा वर्षांत धुळीच्या किड्यांमुळे गादीचे वजन दुप्पट होते, असे गाद्या साफ करणारे विक्रेते सांगतात. त्याला संशोधनाचा आधार नाही. गादी धुवायची नसतेच, तिच्यावर धुता येणारे संरक्षक आवरण घालायचे असते. ते महिन्याने आणि डाग पडल्यास लगेच धुवावे. उशीला अभ्र्याच्या आत आणखी एक चेन असलेले आवरण घातले तर उशी तीन ते सहा महिन्यांनी धुतली तरी भागते. कृत्रिम तंतूंची उशी यंत्रात धुता येते. कापसाची उशी धुता येत नाही, ती उन्हात घालावी आणि गोळे झाले की पिंजून घ्यावी. दमेकरी पाहुणे येत असतील तर अशा चेनच्या आवरणात उशीच नव्हे, गादीही पूर्ण बंद करावी.