मुलांची न दिसणारी कावीळ

पोराचे डोळे पिवळे झाले, लघवी हळदीसारखी झाली, की आपण म्हणतो, कावीळ झाली. पण डोळे पिवळे न होताही कावीळ मुलाच्या अंगातून येऊन जाते, असं सांगितलं तर नवल वाटेल ना?

पाण्यावाटे पसरणाऱ्या काविळीचे मुख्य विषाणू दोन, ‘ए’ आणि ‘ई’. ‘ए’ एकदा येऊन गेला, की रक्तात त्याची खूण राहते व तो सहसा पुन्हा बाधत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने १९८२ पासून १९९८ पर्यंत अशा खुणा तपासल्या. आरंभी शहरातल्या बहुतेक मुलांत ती लहानपणीच आढळली. १९९८ साली मात्र सुखवस्तू घरांतल्या मुलांत ती पुष्कळ कमी झाली होती.

ही गोष्ट चांगली, पण अर्धीच. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना या रोगाने साधा ताप येतो, नाहीतर काहीच होत नाही. तोच रोग मोठेपणी गाठला, तर माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. मग स्वच्छता नको का? छे! त्याच घाणीतून हगवण आणि विषमज्वरही येतात. स्वच्छता अर्धवट सोडू नये, एवढंच. आता या काविळीवर लसही मिळते, डॉक्टरांना विचारावं.

आंबोलीला पाऊस धो धो कोसळतो, झऱ्याचं पाणी काचेसारखं दिसतं. पण उघड्यावरची घाण पावसाच्या लोंढ्याबरोबर पाण्यात उतरली, तर विषाणू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणी खळखळून उकळावं आणि ओगराळ्यानं घ्यावं.

गुरुजी, एक ध्यानात ठेवा. डोळे पिवळे होण्याच्या आधीचे एक-दोन आठवडेच मूल हा रोग सर्वांत जास्त पसरवतं. रोगी दिसल्यावर साबण आणून काय उपयोग? शौचानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुण्याची सवय रोजचीच हवी.

आणि कावीळ उतरवणारी माळ? हा रोग बहुधा आपोआपच बरा होतो, अन् श्रेय माळेला मिळतं! डाग मात्र कधीच देऊ नये. रोगी गुंगीत गेला, बरळू लागला, उलट्या थांबेनात किंवा रक्त येऊ लागलं, तर वेळ न दवडता घाट उतरून सावंतवाडीचं रुग्णालय गाठावं.