गोठ्याचे पाणी: बोअरपासून गाईच्या तोंडापर्यंत

बोअरची गाडी बोलावण्याआधी आपल्या गोठ्याला रोज किती पाणी लागते ते एकदा कागदावर मांडा. चारा, पेंड, दुधाची फॅट यांचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पाण्याचा हिशेब मात्र ‘विहिरीवर भागतंय’ एवढ्यावरच संपतो आणि मार्च उजाडला की टँकरवाल्याला फोन जातो.

दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते, म्हणून दुभत्या जनावराची तहान भाकड जनावराहून कितीतरी जास्त. दिवसाला 15-20 लिटर दूध देणारी संकरित गाय हिवाळ्यात 60-70 लिटर पाणी पिते, एप्रिल-मेमध्ये हाच आकडा 100 लिटरच्या घरात जातो. दुभती म्हैस त्याच्याच आसपास. बैल किंवा भाकड गाय 40-50 लिटर, वासरू वयाप्रमाणे 10 ते 20, शेळी 5 ते 8. हिरवा चारा भरपूर असेल तर पिणे थोडे कमी होते, कडबा आणि पेंडीवर असलेले जनावर जास्त पिते.

दहा गाई, पाच वासरे आणि दहा-बारा शेळ्या असा गोठा धरा. भर उन्हाळ्यात पिण्यालाच सुमारे 1200 लिटर लागतील. कास धुणे, दुधाची भांडी घासणे, गोठा धुणे यांना गाईमागे 40 लिटर मिळवा. बेरीज 1600 होते, आपण 2000 लिटर धरून चालू.

आता हा आकडा शेतीशेजारी ठेवून पाहा. एक एकर उसाला पाटाने एकदा पाणी द्यायचे तर दोन लाख लिटरांहून अधिक लागते. त्यापुढे गोठ्याची गरज शंभरातला एक भागसुद्धा नाही. पण उसाची पाळी आठ दिवस लांबली तरी ऊस तग धरतो. गाईचे पाणी एक दिवस चुकले की दुसऱ्या दिवशी डेअरीच्या मापात दिसते. गोठ्याला पाणी थोडे लागते, पण ते न चुकता लागते. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घ्यायचे.

म्हणून नवे बोअर घेण्याआधी जुन्याकडे बघा. ‘फेल गेले’ म्हणून झाकून ठेवलेले बोअर, उन्हाळ्यात दोन-तीन तासच चालणारी सामाईक विहीर, बांधाकडेचा झरा. शेतीला नापास झालेला असा स्रोत गोठ्याला अनेकदा पास होतो. तो तपासायला एक दिवस जातो. नव्या बोअरला किती पैसे जातात ते आपण जाणताच.

शेततळे असेल तर ते पाणी धुण्याला जरूर वापरा. पिण्यासाठी मात्र तो शेवटचा पर्याय ठेवा. उघड्या, साचलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात निळे-हिरवे शेवाळ धरते आणि त्यातले काही प्रकार जनावराला विषारी ठरतात. प्लास्टिक कागदाच्या तळ्याला कुंपण हवेच, त्या निसरड्या उतारावरून आत गेलेले जनावर आपणहून वर येत नाही. ओढ्याच्या किंवा पाझर तलावाच्या काठी थेट पाजणेही टाळलेले बरे. तिथल्या गोगलगाईंमुळे काठच्या गवतातून आणि पाण्यातून यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होते.

नवे बोअर घ्यायचेच ठरले, तर आधी कायदा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर महाराष्ट्रात बंधने आहेत. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फूट किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आहे आणि तिच्यावरचे निर्बंध अधिक कडक आहेत. आपले गाव कोणत्या क्षेत्रात मोडते हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. परवानगीचे बघू नंतर, असे म्हणून गाडी बोलावली आणि शेजाऱ्याने तक्रार केली, तर भुर्दंड आपल्यालाच.

जागा कुठे धरायची? पाणाड्या नारळ घेऊन शेतात फिरतो. कोणाच्या विश्वासाच्या आड मी येत नाही, पण त्या नारळाच्या जोडीला दोन चौकश्या जरूर करा. पहिली शेजाऱ्यांकडे: त्यांच्या बोअरला कितव्या फुटाला पाणी लागले आणि मे महिन्यात ते किती तास चालते? दुसरी भूजल यंत्रणेकडे किंवा भूवैज्ञानिकाकडे: खडकातून वीज सोडून आतल्या थरांचा अंदाज घेण्याची पद्धत असते, ती आपल्या शेतात करता येईल का?

आपल्या राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाचा. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात, म्हणजे सच्छिद्र खडकात, आणि खडकाच्या भेगांत. घट्ट काळा पाषाण लागला की त्यात पाणी नाही. ‘अजून शंभर फूट जाऊ, लागेलच’ हे वाक्य म्हणूनच महागात पडते. फुटाचा दरही खोलीबरोबर वाढत जातो. किती फुटांवर थांबायचे ते गाडी येण्याआधी ठरवा आणि घरात सर्वांना सांगून ठेवा, कारण रात्री अकरा वाजता धुरळा उडत असताना माणसाचा निर्धार टिकत नाही.

उकिरडा, शेणखड्डा आणि शौचालयाचा शोषखड्डा यांपासून बोअर किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या वरच्या अंगाला असावे. गोठ्याशेजारी बोअर घेतले की पाइप वाचतो, मात्र पावसाळ्यात गोमूत्र मुरून त्यातच उतरते.

खोदाई सुरू असताना शेजारी उभे राहा. प्रत्येक रॉडनंतर वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग आणि ओल टिपा, पाणी कितव्या फुटाला लागले ते लिहा. पुढे मोटर किती खाली सोडायची हे त्यावरच ठरते. केसिंग, म्हणजे वरची भुसभुशीत माती ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, मुरूम ओलांडून कठीण खडकात दोन-तीन फूट उतरलाच पाहिजे. पैसे वाचवायला केसिंग कमी घातले, तर पहिल्याच पावसाळ्यात मुरूम कोसळून मोटर अडकते. पाइप जमिनीवर दीड-दोन फूट ठेवा, भोवतीची पोकळी सिमेंटने भरा, ओटा करा आणि टोपण बसवा. बोअर कोरडे निघाले, तर ते त्याच दिवशी बुजवा. उघड्या बोअरमध्ये पोर पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. खोदाई संपताना हवेच्या दाबाने पाणी उसळते, गाडीवाला ‘दोन इंची लागलं’ म्हणतो, आपण नारळ फोडतो. हे इंच कसले, ते समजून घ्या. वाहत्या पाण्यात व्ही आकाराची खाच पाडलेला पत्रा उभा करतात आणि खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते मोजतात. काटकोनी खाचेत एक इंच उंची म्हणजे तासाला 500 लिटरच्या आसपास. दोन इंच म्हणजे 1000 मात्र नव्हे, 2800 च्या पुढे. खाच वर रुंद होत जात असल्याने उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट होते. तेव्हा ‘दीड’ की ‘दोन’ हा फरक किरकोळ समजू नका. त्यातही तो पहिला उसळा खडकात आधीपासून साठलेल्या पाण्याचा असतो, रोजच्या आवकीचा नव्हे.

खरी चाचणी अशी करा. भाड्याची मोटर सोडून सलग पाच-सहा तास पाणी उपसा. 200 लिटरचे पिंप किती मिनिटांत भरते ते दर तासाला लिहा. पहिल्या तासाला चार मिनिटे आणि सहाव्या तासाला बारा मिनिटे लागली, तर आपले बोअर तासाला 1000 लिटरचे आहे, 3000 चे नाही. हीच मोजणी मे महिन्यात पुन्हा करा, दिवाळीचा आकडा आपला दिलदार असतो. आपल्या गोठ्याला 2000 लिटर लागतात. म्हणजे तासाला 500 लिटर देणारे, गावाने हिणवलेले एक इंची बोअरही चार तासांत दिवसाचे काम उरकते.

आता पाण्याची परीक्षा. नमुना जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत देता येतो. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र निर्जंतुक हवी, ती प्रयोगशाळेतूनच आणा आणि विसळू नका. अहवालात तीन ओळी बघा. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 1000 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. 3000 पर्यंत जनावर सहसा निभावते, सुरुवातीला शेण पातळ होऊ शकते. त्यापुढे काळजी, आणि 7000 वर पाजूच नये. नायट्रेट 45 च्या वर असेल तर शेणमूत किंवा खताचे पाणी झिरपत असल्याचा संशय घ्या. तिसरी ओळ फ्लोराइडची. ते लिटरला 2 मिलिग्रॅमच्या वर नको, नाहीतर कालांतराने दात आणि हाडे बिघडतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पहिली ओळ, तर यवतमाळ, चंद्रपूर भागात तिसरी ओळ आधी वाचावी.

मोटरच्या बाबतीत फार डोके खपवू नका, फक्त मोठी घेऊ नका. पाच एचपीची मोटर लहान बोअर काही मिनिटांत कोरडे करते आणि कोरडी फिरून जळते. इथे अर्धा ते एक एचपी बहुधा पुरते. पाणी संपताच मोटर बंद करणारे ड्राय-रन उपकरण मात्र बसवाच. 2024 पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. पंप मात्र 3 एचपीपासून सुरू होतात. सिंचनासाठी ते ठीक. बारक्या बोअरवर तो पंप बसवण्याआधी वरची चाचणी आठवा.

शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच आणि पाळीपाळीने असते, कधी रात्री. म्हणून साठवण दोन दिवसांची हवी: आपल्या हिशेबात 4000 लिटर. एका मोठ्या टाकीऐवजी 2000 च्या दोन घ्या, एक धुताना दुसरी चालू राहते. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन, तेव्हा चौथरा तसाच भक्कम बांधा. टाकीवर झाकण आणि सावली हवी. बाहेर जाणारा नळ तळापासून चार बोटे वर ठेवा, गाळ सोडायला तळाशी वेगळी तोटी ठेवा.

पाइप उन्हात उघडा टाकू नका. पीव्हीसी तडकतो, आणि दुपारी त्यातून येणारे पाणी गाय तोंड लावून सोडून देते. दीड-दोन फूट खोल चर घ्या. पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागत असेल तर गोडीने लेखी संमती घ्या. जमलेच नाही, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली शेतीच्या पाण्याच्या वाटेसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

आणि मग हौद. इथवर लाखभर रुपये घातलेला माणूस शेवटच्या दहा फुटांत अर्धा इंची नळी लावतो. गाय घोट घेत नाही, मिनिटाला 10 ते 20 लिटर ओढते. धार काढून झाल्यावर आणि चारा खाल्ल्यावर सगळ्या एकदमच येतात. अर्धा इंची नळी तेवढे भरून देऊ शकत नाही, दांडग्या गाई पिऊन जातात आणि पहिलारू मागे उभी राहते. सव्वा इंची पाइप आणा. हौद गाईंसाठी काठापर्यंत अडीच फूट उंच, वासरांना आणि शेळ्यांना वेगळा आणि बुटका. वर सावली, भोवती घसरणार नाही अशी खडबडीत फरशी.

पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट, ज्याला आपण बॉल कॉक म्हणतो, तो जाळीच्या किंवा पत्र्याच्या आवरणात ठेवा. उघडा राहिला तर वासरे तो चाटून, ओढून आठवड्यात मोडतात. मग हौद रात्रभर वाहतो, चिखल होतो आणि खुरांचे दुखणे सुरू होते.

हौदाच्या तळाला बूच ठेवा, म्हणजे रिकामा करायला बादली लागणार नाही. दर तीन-चार दिवसांनी खराट्याने घासा, पंधरवड्याने आतून चुना लावून वाळू द्या. टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती आधी बादलीत कालवून, चुन्याचा साका बसल्यावर वरचे पाणीच टाका. घासलेल्या हौदातले पाणी आपल्याला प्यावेसे वाटत नसेल, तर गाईलाही ते कमीच जाणार.

एक सांगणे उरले. नवी गाय बाजारातून आणण्याआधी बोअरचा मे महिन्यातला आकडा काढून बघा. त्यात शंभर लिटरची जागा नसेल, तर गाय पुढच्या वर्षी घ्या.