बँटिंगसाहेबांची चरबी गेली कुठे?

१८६२ सालचा ऑगस्ट महिना. लंडनमध्ये एक सुखवस्तू गृहस्थ आपल्याच घराचा जिना उतरतो आहे. पण कसा? उलटा. तोंड पायऱ्यांकडे, पाठ खालच्या मजल्याकडे, एकेक पाऊल चाचपत. सरळ उतरलं तर अंगाचा सगळा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो, तो सोसवत नाही. वाकून बुटाची नाडी बांधणं तर केव्हाच थांबलं आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. नाव विल्यम बँटिंग. व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा, तोही राजघराण्याच्या. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची भव्य अंत्ययात्रा त्यांच्याच पेढीने काढली होती.

साठी उलटलेला हा माणूस आळशी मुळीच नव्हता. वजन उतरावं म्हणून त्यांनी पहाटे उठून नदीत वल्ही मारली. दंडांत बळ आलं, पण भूक अशी खवळली की वजन उलट वाढलं. तुर्की पद्धतीची बाष्पस्नानं झाली, औषधी झऱ्यांचं पाणी पिऊन झालं, हवापालट झाली. काटा हलेना. त्यात ऐकू कमी येऊ लागलं, म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वे वेगळे, ते दोनशे वर्षं आधीचे.) डॉक्टरांना वाटलं, चरबीचाच दाब कानावर पडतो आहे. त्यांनी सांगितलं: पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद. मांस, मासे, भाज्या, थोडी फळं चालतील.

वर्षभराने बँटिंग काट्यावर उभे राहिले तेव्हा वजन भरलं १५६ पौंड. कंबर बारा इंचांहून जास्त उतरली होती. ऐकू येऊ लागलं होतं. जिना सरळ उतरता येत होता! त्या माणसाला इतका हर्ष झाला की त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापली आणि फुकट वाटली. ती एवढी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणं' म्हणजे वजन घटवणं असा वाक्प्रचार पडला. स्वीडनमध्ये आजही पथ्याने वजन उतरवण्याला 'बांता' म्हणतात.

आता मला सांगा, हे ४६ पौंड गेले कुठे? जवळपास एकवीस किलोचा ऐवज एका वर्षात एका माणसाच्या अंगावरून नाहीसा झाला. तो घामातून गेला? पोटावाटे गेला? उष्णता होऊन उडून गेला? मनाशी उत्तर ठरवून ठेवा. तोवर आपण पॅरिसला जाऊन येऊ, कारण डॉक्टर हार्वेंना या पथ्याची कल्पना तिथेच सुचली होती.

१८५६ साली हार्वे पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला बसले होते. त्या काळी समज असा, की साखर बनवावी ती वनस्पतींनीच, प्राण्यांनी ती फक्त खाऊन मोडायची. बर्नारने कुत्र्यांना नुसतं मांस खायला घातलं, साखरेचा कणही नाही. तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर! ही आली कुठून? मग त्याने मेलेल्या प्राण्याचं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडून ते इतकं धुतलं की बाहेर येणाऱ्या पाण्यात साखर सापडेना. ते स्वच्छ यकृत त्याने तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा साखर. रिकामा करून ठेवलेला डबा सकाळी भरलेला दिसावा तसं! यकृतात कसला तरी साठा होता, आणि त्यातून साखर पाझरत होती. १८५७ साली बर्नारने तो पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव ग्लायकोजेन.

हा साठा शरीराला का लागतो? आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त खेळतं. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते? सुमारे पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! आता ताटाकडे बघा. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४० ग्रॅम पिष्ट असतं, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. पोटात गेली की माळ तुटते आणि मणी सुटे होतात. म्हणजे जिथे एक चमचा साखर खेळत होती, तिथे आणखी आठ चमचे येऊन दाराशी उभे राहतात. पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, सगळ्यांचं हेच. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी? साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर दोनेक तासांत पुन्हा त्या एका चमच्यापाशी येऊन ठेपते.

हे घडवतं इन्सुलिन. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातून ते सुटतं आणि आलेल्या साखरेला वाटा दाखवतं: काही लगेच जाळायला, काही यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवायला, उरलं तर चरबीच्या घरात. हे इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत ज्या दोघांच्या प्रयोगांतून हाती आलं त्यांतल्या एकाचं आडनाव काय असावं? बँटिंग! फ्रेडरिक बँटिंग. वजन आणि साखर यांच्या इतिहासात हे आडनाव दोनदा उगवतं, याचं मला अजून नवल वाटतं.

ग्लायकोजेन यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅम मावतं. पण ते कोरडं राहत नाही. प्रत्येक ग्रॅम आपल्याभोवती सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. रात्री भिजत घातलेला साबुदाणा आठवा, सकाळी कसा टपोरा फुगलेला असतो! तसाच हा भिजलेला साठा. अर्धा किलो ग्लायकोजेन आणि त्याचं दीड किलो पाणी, मिळून दोन किलो. भात-पोळी एकदम कमी केली की शरीर आधी हाच डबा उपसतं, आणि पाणी मोकळं होतं. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ सोडून देतात, आणि मिठामागोमाग आणखी पाणी जातं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो मुख्यतः यामुळे. आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर दोन किलो परत आले, तर तेही बहुतेक पाणीच असतं. हे ठाऊक नसल्यामुळे किती माणसं हिरमुसून पथ्य सोडून देत असतील!

खरी पुंजी मात्र दुसरीकडे आहे. ग्लायकोजेनचा डबा म्हणजे जेमतेम २,००० कॅलरी, एका दिवसाची बेगमी. चरबी म्हणजे जमिनीखालचं धान्याचं पेव. ७० किलोच्या सडपातळ माणसाच्या अंगातही १२ किलो चरबी सहज असते. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे लाखाच्या वर कॅलरी, जवळजवळ पन्नास दिवसांचं धान्य! आणि चरबी पाणी धरून बसत नाही. समजा हीच शिदोरी निसर्गाने भिजलेल्या ग्लायकोजेनच्या रूपाने आपल्याला बांधून दिली असती, तर त्या बारा किलोंच्या जागी १०८ किलोंचं गाठोडं झालं असतं. ७० किलोचा माणूस १६६ किलोंचा! चरबीला आपण उठता-बसता नावं ठेवतो, पण तिच्याइतकं हलकं गाठोडं दुसरं कुणी बांधून दिलं नसतं.

या पेवाच्या तोंडावर एक दगड आहे, आणि तो दगड म्हणजे पुन्हा इन्सुलिनच. रक्तात ते भरपूर असलं की चरबी मोडणारं विकर गप्प बसतं. ते उतरलं की दगड सरकतो आणि स्निग्धाम्लं रक्तात येऊ लागतात. स्नायू ती जाळतात, हृदय तर आवडीने जाळतं.

पण मेंदू? तो स्निग्धाम्लांवर चालत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव बसल्या जागी एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो, आणि त्याला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृताचा साठा तर दिवसभरात संपतो. स्नायूंचा साठा स्नायूंपुरताच, तो परत रक्तात येत नाही. मग अन्नच मिळालं नाही तर? शरीर स्नायूंचीच प्रथिनं मोडून साखर बनवू शकतं, पण एकट्या त्या साखरेवर मेंदू पोसायचा तर थोड्याच आठवड्यांत माणूस हातापायांतून जायचा. प्रत्यक्षात माणसं त्याहून कितीतरी जास्त दिवस उपाशी तग धरतात. कशी?

हे कोडं बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवलं. पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या लठ्ठ स्वयंसेवकांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून येणारं रक्त त्यांनी तपासलं. १९६७ साली निष्कर्ष छापून आला: मेंदू निम्म्याहून जास्त ऊर्जा साखरेतून घेतच नव्हता. तो कीटोनांवर चालला होता! यकृत स्निग्धाम्लांचे बारीक, पाण्यात विरघळणारे तुकडे करतं, ते म्हणजे कीटोन. चरबी ज्या रूपात मेंदूला चालत नाही ते रूप बदलून यकृत तिचा घास करतं, आणि आयुष्यभर साखरेवर पोसलेला मेंदू तो घास मुकाट्याने घेतो. नुकतं जन्मलेलं बाळ आईच्या दुधातल्या स्निग्धांशावर वाढताना हेच करत असतं. पिष्ट अगदी तुटपुंजं केलं की जेवूनखाऊनही अंगात हा कारखाना सुरू होतो, आणि त्यातलं थोडं अ‍ॅसिटोन श्वासातून गोडसर वासाने बाहेर पडतं.

बँटिंगसाहेबांच्या अंगात इतकं काही घडलं असेल असं नाही. कोरड्या टोस्टचा तुकडा, फळं आणि वाइन त्यांच्या ताटात होतीच. पण पाव, साखर आणि बिअर गेली तशी खाण्यातली बरीच ऊर्जा आपोआप गेली, आणि मांस-माशांतल्या प्रथिनांनी पोट भरलेलं राहिलं. नदीवरच्या व्यायामाने जी भूक खवळली होती, ती इथे शांत राहिली. माझ्या मते सगळी गुरुकिल्ली यातच आहे. दगड सरकला म्हणून पेव रिकामं होत नाही. वरून ओतणं उपशापेक्षा कमी पडलं तरच होतं. म्हणूनच स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांना वर्षभर पथ्यावर ठेवलं, काहींना कमी कर्बोदकांच्या आणि काहींना कमी स्निग्धाच्या, तेव्हा २०१८ साली हाती आलेले आकडे जवळजवळ सारखेच होते: सरासरी घट ६ किलो आणि ५.३ किलो. दोन्ही गटांत काहींचं वजन भरपूर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. ज्याला भात कमी करून भूक आवरते त्याने तसं करावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचाराच, कारण ताटातलं पिष्ट घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

आता ते उत्तर. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या सिडनीच्या दोघा संशोधकांनी दीडशे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना हाच प्रश्न विचारला. बहुतेकांनी सांगितलं, चरबीची ऊर्जा होते, उष्णता होते. पण अणू उष्णता होऊन नाहीसे होत नाहीत! चरबी म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन. २०१४ साली त्या दोघांनी एकेका अणूचा हिशोब मांडला. दहा किलो चरबी पुरती जळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो, आणि त्या दहा किलोंपैकी १.६ किलो पाणी होऊन जातात. उरलेले ८.४ किलो? कार्बन डायऑक्साइड होऊन, श्वासावाटे!

होय, नाकातोंडातून. रात्री झोपताना वजन करा आणि सकाळी उठल्या उठल्या, पाणीही न पिता, पुन्हा करा. तुम्ही थोडे हलके झालेले असता. त्यातलं काही श्वासातली आणि त्वचेवरून उडालेली वाफ, आणि काही खरोखरचा कार्बन, अंधारात एकेका उच्छ्वासाने बाहेर टाकलेला. जोरजोरात श्वास घेऊन काम होत नाही. आत जळेल तेवढंच बाहेर येतं.

तेव्हा बँटिंगसाहेबांचे ते ४६ पौंड, भिजलेला साठा वगळता, बहुतांशी लंडनच्या हवेत गेले. जिना उतरताना, माणसांशी बोलताना, झोपेत. बँटिंग त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि १८७८ साली, एक्क्याऐंशी वर्षांचे असताना वारले. तोवर त्यांच्या पोटावरचा तो कार्बन वाऱ्याबरोबर दूरवर पांगला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड उचलून त्याचं पिष्ट करणं हा हिरव्या पानांचा रोजचा उद्योग. त्यातला काही कार्बन एखाद्या शेतातल्या गव्हाच्या पानांनी उचलला असेल, त्याचे दाणे भरले असतील, दाण्यांचं पीठ झालं असेल, आणि हार्वेंच्या सांगण्यावरून त्यांनी ताटातून बाजूला सारलेला तोच पाव होऊन तो लंडनच्या एखाद्या भट्टीतून गरमागरम बाहेर आला असेल.