सूर्य सगळ्यांचा, वेफर चीनचा

चीनच्या छिंगहाई प्रांतात, तिबेटच्या पठारावर, तालातान नावाचं उजाड माळरान आहे. उंची सुमारे तीन हजार मीटर, वारा बोचरा, जमीन हळूहळू वाळवंट होत चाललेली. तिथे सौर पॅनल बसले आणि एक अडचण उभी राहिली जी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती: गवत. पॅनलच्या सावलीत ओल टिकली, पॅनल धुतलेलं पाणी खाली मुरलं आणि गवत इतकं माजलं की तेच पॅनलवर सावली धरू लागलं. वाळल्यावर आगीची धास्ती वेगळीच. शेवटी आसपासच्या मेंढपाळांना कळप आत सोडायला सांगितलं गेलं, आणि मेंढ्यांना मोकळेपणी फिरता यावं म्हणून पुढच्या पॅनलचे सांगाडे उंच केले गेले. इथली वीज 800 किलोव्होल्टच्या वाहिनीवरून दीड हजार किलोमीटर दूरच्या हनान प्रांतात जाते.

पॅनलखाली चरणाऱ्या या मेंढ्यांचे फोटो चीन जगाला हौसेने दाखवतो. त्यात प्रचार आहेच. पण आकडेही तोंडात बोट घालायला लावणारे आहेत. 2024 या एका वर्षात चीनने सुमारे 277 गिगावॉट सौर क्षमता उभी केली. भारताची आजवरची सगळी सौर क्षमता मिळून 100 गिगावॉटचा टप्पा गाठला तो जानेवारी 2025 मध्ये. पवन आणि सौर मिळून 1200 गिगावॉटचं जे उद्दिष्ट शी जिनपिंग यांनी 2030 साठी जाहीर केलं होतं, ते चीनने 2024 मध्येच ओलांडलं.

गंमत अशी की यातलं मूळ काहीच चीनचं नव्हतं. सिलिकॉनचा सौर सेल 1954 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये जन्मला. त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं जर्मनीत, कारण तिथल्या 2000 सालच्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षं ठरलेला दर दिला. आणि शिक्षण मिळालं ऑस्ट्रेलियात. सिडनीत मार्टिन ग्रीन या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेले शी झेंगरोंग मायदेशी परतले आणि 2001 मध्ये वूशी शहरात स्थानिक सरकारच्या पाठबळावर त्यांनी सनटेक काढली. चार वर्षांत ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोहोचली आणि 2013 मध्ये तिची मुख्य उपकंपनी दिवाळखोरीतही गेली. तोवर मात्र शिकलेले हात, यंत्रं आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी गावोगाव तयार झाली होती. एक कंपनी बुडाली की तिच्या जागी दोन उभ्या राहत. जमीन आणि कर्ज द्यायला प्रांतिक सरकारं एकमेकांशी चढाओढ करत होतीच.

आता जरा आत डोकावू. शुद्ध सिलिकॉन वितळवून त्याचा दंडगोल ओढतात आणि हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक तारेने त्याच्या चकत्या कापतात. जाडी साधारण 0.15 मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. हाच वेफर. वेफरचा सेल होतो, सेल जोडून पॅनल होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2022 मध्ये मोजदाद केली तेव्हा या साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त निघाला. वेफरमध्ये तर इतरांसाठी जेमतेम तळाशी उरलेलं. या साखळीला शिंजियांगची काळी किनारही आहे. तिथल्या उइघुरांच्या सक्तीच्या मजुरीचं कारण देऊन अमेरिकेने 2021 मध्ये त्या प्रांतातल्या मालाविरुद्ध कायदाच केला.

या स्वस्ताईचं राजकारण कसं चालतं ते पाकिस्तानात दिसतं. तिथे चीनच्या कर्जातून साहिवालसारखी कोळशावरची वीज केंद्रं उभी राहिली. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात. तो बोजा ग्राहकांच्या बिलात आला. बिलाला वैतागून लोकांनी छतावर, शेतात, गोठ्यावर पॅनल लावायला घेतले, आणि तेही चिनीच. 2024 मध्ये या देशाने चीनकडून सुमारे 17 गिगावॉटचे पॅनल आणले. एकाच घरात दुखणंही चीनचं आणि औषधही चीनचंच!

तरीही पॅनल म्हणजे तेल नव्हे. तेलाचा पुरवठा तोडला की आठवड्यांत चटके बसतात. छतावर चढलेलं पॅनल पुढची पंचवीस वर्षं कोणालाही न विचारता वीज देतं. दाबायची कळ असते ती माल तयार होण्याआधीच्या टप्प्यांत. अशाच कळीचा अनुभव पुण्याने घेतला, पॅनलमध्ये नव्हे तर इलेक्ट्रिक वाहनांत. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्यात डिस्प्रोझियम आणि टर्बियम होते. वाहनातली इलेक्ट्रिक मोटार तापली तरी तिच्यातल्या चुंबकाचा जोर टिकतो तो यांच्या चिमूटभर मिश्रणामुळे. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोने इशारा दिला की चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन ठप्प होऊ शकतं. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचं, धाकधूक बजाजच्या आकुर्डीत.

चीनला हरित देश म्हणावं, तर तोच जगातला निम्म्याहून जास्त कोळसा जाळतो आणि 2024 मध्ये त्याने कोळशाच्या नव्या केंद्रांची दशकातली सर्वाधिक बांधकामं सुरू केली. पण हवामानाच्या व्यासपीठावरची जागा रिकामी असली की ती कोणीतरी घेतोच. जानेवारी 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पॅरिस करारातून पुन्हा अंग काढून घेतलं; सप्टेंबरमध्ये शी जिनपिंग यांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत व्हिडिओवरून 2035 पर्यंत उत्सर्जन शिखरापासून 7 ते 10 टक्के घटवण्याचं आश्वासन दिलं. आकडा तसा पुळचटच, पण त्या रिकाम्या जागेवरून बोलणारा चीनच होता.

भारताने पॅनलवर 40 टक्के सीमाशुल्क लावलं आणि घरगुती उद्योगाला अनुदान दिलं. त्यामुळे पॅनल जोडणारे कारखाने भराभर वाढले. छतावरच्या पॅनलसाठी पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान हवं असेल तर ‘डीसीआर’ पॅनलच लावावं लागतं, म्हणजे सेलही देशात बनलेला हवा. महाराष्ट्रातला कुठलाही सोलरवाला हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पण त्या सेलच्या पोटातला वेफर बहुधा चीनमधूनच आलेला असतो. सेल बनवण्याची यंत्रंही बरीचशी तिथलीच, आणि ती बसवून चालू करून द्यायला तिथलेच तंत्रज्ञ लागतात. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर त्यांचे व्हिसा रखडले होते. कारखानदारांनी दिल्लीत हेलपाटे घातले, आणि 2024 मध्ये सरकारने या तंत्रज्ञांसाठी व्हिसाची वाट जरा मोकळी केली.