गाठ पडली टायशी!

टाय बांधायच्या पद्धती किती असाव्यात? दोन, फार तर चार? केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि याँग माओ या भौतिकशास्त्रज्ञांनी त्या रीतसर गणित मांडून मोजल्या आणि १९९९ मध्ये ‘नेचर’सारख्या भारदस्त नियतकालिकात आकडा छापून आणला : ८५. कमीत कमी तीन चाली, जास्तीत जास्त नऊ. त्यातल्या दिसायला बऱ्या म्हणून त्यांनी निवडल्या फक्त तेरा.

पुढे ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ या सिनेमातल्या मेरोव्हिंजियनच्या गळ्यातली चमत्कारिक गाठ काही या ८५ मध्ये बसेना. मग २०१५ मध्ये मिकाएल वेजडेमो-योहान्सन या गणितज्ञाने सहकाऱ्यांसह नव्याने हिशेब केला. उत्तर आलं २,६६,६८२! रोज एक नवी गाठ मारायची म्हटलं तर सातशेहून जास्त वर्षांची बेगमी.

आपल्याला मात्र एकच पुरते. तिचं नाव फोर-इन-हँड, चाली फक्त चार. मुलाखत असो, रिसेप्शन असो, ही कुठेही चालते. कॉलर उभी करा, वरचं बटण लावा. टायचं रुंद टोक उजवीकडे आणि अरुंद टोकापेक्षा चांगलं फूटभर खाली असू द्या. आता रुंद टोक अरुंदावरून डावीकडे न्या, मागून उजवीकडे आणा, पुन्हा समोरून डावीकडे न्या, मग गळ्याजवळच्या फटीतून खालून वर काढा. राहिलं काय? समोर जो वेढा तयार झालाय, त्यातून ते टोक खाली ओढायचं. झालं! अरुंद टोक एका हातात धरा, दुसऱ्या हाताने गाठ वर सरकवा. टोक पट्ट्याच्या बक्कलपाशी आलं की बरोबर. बेंबीवरच थांबलं, तर सोडून पुन्हा सुरुवात करा, या वेळी रुंद बाजू आणखी खाली घेऊन. ओढून-ताणून लांबी वाढत नसते.

गाठ किंचित वाकडी दिसेल. दिसू दे, या गाठीचा स्वभावच तो. खरी गंमत तिच्या खालच्या खळीत आहे. गाठ आवळण्याआधी तर्जनीने मधोमध दाबून एक घडी पाडायची आणि मग आवळायचं. साडीची पहिली निरी चापून बसली की पुढच्या आपोआप बसतात ना, तसंच : खळी पडली की बाकीचा टाय शहाण्यासारखा खाली उतरतो.

टाय आवळला तरी चुरगळत नाही, याचं श्रेय शिंप्याला. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात टायचं कापड उरेब, म्हणजे ४५ अंशांत तिरपं कापून तीन तुकड्यांत शिवायची पद्धत पेटंट केली. दुकानात टाय घेताना अरुंद टोक धरून लोंबता सोडा. गिरकी घेऊ लागला, तर कापणी फसलीय, परत ठेवा.

जाड त्रिकोणी विंडसर गाठ जिच्या नावाने ओळखली जाते ती स्वारी, म्हणजे ड्यूक ऑफ विंडसर, स्वतः ती बांधतच नसे! जाड अस्तराचे टाय शिवून घ्यायचे आणि साधी फोर-इन-हँड मारायची, एवढीच त्याची युक्ती. लोक उगाच जास्तीचे वेढे घेत बसले.

आणि हीच विंडसर गाठ जर्मनीतल्या कील इथल्या डॉक्टरांनी तरुणांच्या गळ्यात जरा टोचेल इतकी आवळून एमआरआय काढला. मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह ७.५ टक्क्यांनी घटलेला दिसला. अभ्यास २०१८ चा. टायमुळे बुद्धी मंदावते असं काही त्यात सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे साहेबांच्या निर्णयांचं खापर टायवर फोडता येणार नाही.

या सगळ्याची सुरुवात सतराव्या शतकातल्या क्रोएशियन भाडोत्री सैनिकांच्या गळ्यातल्या रुमालांपासून झाली. फ्रेंच दरबाराला ते आवडले आणि युरोपभर साथ पसरली. क्रोएशियाला याचा केवढा अभिमान! २००३ मध्ये पुला शहरातल्या अख्ख्या रोमन रंगमंडलाला त्यांनी ८०८ मीटर लांबीचा टाय गुंडाळला. उलट जपान सरकारने २००५ पासून उन्हाळ्यात टाय काढून ठेवायला सांगितलं, एसीची वीज वाचावी म्हणून. न्यूझीलंडच्या संसदेत २०२१ मध्ये माओरी खासदार राविरी वैतिती यांनी टायऐवजी पारंपरिक पदक घातलं म्हणून सभापतींनी त्यांना बाहेर काढलं, आणि दोन-चार दिवसांत टायची सक्तीच गेली.

आपल्याकडे गावोगावी सर्वांत रुबाबदार टाय दिसतो तो बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात. खालोखाल नंबर भर मेच्या उन्हात दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणाऱ्या एमआर मंडळींचा. शाळकरी पोरांचा इलॅस्टिकवाला टाय मी मोजत नाही. त्याला गाठ म्हणणं हा गाठीचा अपमान आहे.

शेवटचं एक. ही सुरगाठ आहे, तिला निरगाठ करू नका. घरी आल्यावर ढिली करून डोक्यावरून तशीच उपसायची आणि खुंटीला टांगायची, ही सवय सोडा. कापडाला कायमचा पीळ बसतो. ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट क्रमाने सोडा, टायची सैल गुंडाळी करून ठेवा, आणि इस्त्री तर त्यावर मुळीच फिरवू नका.