काँक्रीटच्या तुळयांना तंतूंचे बळ

लांबट खोडरबर दोन्ही टोकांना धरून वाकविले, की त्याची एक बाजू आक्रसते व दुसरी ताणली जाते. टेकूंवर ठेवलेल्या तुळईवर भार आला असता हेच घडते : वरचा भाग दबतो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताणाने मात्र ते लवकर तडकते. म्हणून तुळईच्या खालच्या बाजूस पोलादी गज घालतात. हे गज गंजले, अथवा वाहतुकीचा भार वाढला, म्हणजे तुळई दुबळी ठरते. मग ती पाडावयाची, की तिला बाहेरून बळ द्यावयाचे?

स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्नजवळच्या ईबाख पुलापुढे हाच प्रश्न उभा राहिला. वाहतुकीचे दिवे बसविण्यासाठी भोके पाडताना, काँक्रीटला आतून आवळून धरणाऱ्या काही पोलादी तारा तुटल्या होत्या. खालून पोलादी पत्रे चिकटविण्याची रीत तेव्हा रूढ होती. परंतु पत्रे जड असतात व गंजतातही. १९९१ मध्ये उर्स मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी कार्बन-तंतूंच्या तीन पट्ट्या चिकटविल्या. प्रत्येक पट्टी ५ मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड होती. जेथे १७५ किलोग्रॅम पोलाद लागले असते, तेथे ६.२ किलोग्रॅम वजनाच्या पट्ट्या पुरल्या.

केसाहून बारीक असे असंख्य कार्बन-तंतू एकाच दिशेने राळेत जखडून ही पट्टी बनते. तिची ताणशक्ती नेहमीच्या गजाच्या कित्येक पट असते. तथापि तुळईतील ताण पट्टीपर्यंत पोहोचतो तो केवळ चिकट राळेच्या पातळ थरातून. म्हणून काँक्रीटचा पृष्ठभाग आधी घासून स्वच्छ करावा लागतो आणि गजांवरील गंजाचा बंदोबस्तही आधीच करावा लागतो. पृष्ठभाग कच्चा असेल, तर काँक्रीटचा पापुद्रा घेऊन पट्टी सुटून येते. तंतूंची शक्ती तशीच वाया जाते. शिवाय गज तुटण्यापूर्वी ताणला जाऊन इशारा देतो. पट्टी एकाएकी सुटते.

आगीत ही राळ लवकरच मऊ पडते. त्यामुळे अभियंते एक दंडक पाळतात : पट्टी निकामी झाली तरी मूळ तुळईने नित्याचा भार पेलला पाहिजे. तेवढेही बळ जिच्यात उरलेले नाही, अशा तुळईस पट्टी वाचवू शकत नाही.