आमदार गेले, मतदारसंघ उरला

जून 2022. राज्यसभेच्या निवडणुकीसाठी महाराष्ट्राचे आमदार विधानभवनात मतदान करीत होते. त्या दिवशी पुण्याहून दोन रुग्णवाहिका मुंबईला आल्या. एकीत होत्या कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक, दुसरीत चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप. दोघेही गंभीर आजारी होते. डॉक्टर, घरची माणसे, औषधे असा सारा सरंजाम बरोबर घेऊन ते आले, मत दिले आणि परत गेले. दहाच दिवसांनी विधान परिषदेच्या निवडणुकीसाठी दोघांनी पुन्हा तोच प्रवास केला.

एकेका मताची किंमत त्या दिवशी किती होती, हे समजण्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 288 जणांच्या विधानसभेत तेव्हा एक जागा रिकामी होती. अंधेरी पूर्वचे शिवसेनेचे आमदार रमेश लटके मे महिन्यात कुटुंबासह दुबईला गेले असताना तिथेच हृदयविकाराने वारले होते. म्हणजे अंधेरी पूर्वच्या लाखो मतदारांच्या वतीने त्या दिवशी मत द्यायला सभागृहात कोणीच नव्हते.

मुक्ता टिळक डिसेंबर 2022 मध्ये गेल्या. त्यानंतर पंधरा दिवसही उलटले नाहीत, तोच 3 जानेवारी 2023 रोजी लक्ष्मण जगताप गेले. एकाच जिल्ह्यातल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि पोटनिवडणुकीची चर्चा सुरू झाली.

घरातले माणूस गेले की तेराव्यापर्यंत लोक निदान थोडे हळू बोलतात. राजकारणाला तेवढी सवड नसते. "आता तिकीट कोणाला?" हा प्रश्न पिठलं-भाताच्या दिवशीच अंगणात बसलेल्या मंडळींत सुरू होतो. यात सगळा दोष माणसांचा नाही. थोडा कायद्याच्या घड्याळाचाही आहे.

सहा महिन्यांचे घड्याळ

आमदाराची जागा मृत्यूमुळेच रिकामी होते असे नाही. आमदार राजीनामा देतो, खासदार म्हणून निवडून जातो, पक्षांतरामुळे अपात्र ठरतो, किंवा दोन वर्षांची वा त्याहून अधिक शिक्षा होऊन सदस्यत्व गमावतो. पूर्वी शिक्षा झालेल्या आमदाराला अपील करून खुर्ची टिकवता येत असे. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. सभागृहाच्या परवानगीशिवाय सलग साठ दिवस बैठकांना गैरहजर राहिल्यास जागा रिकामी झाल्याचे जाहीर करण्याचा अधिकारही राज्यघटनेने सभागृहाला दिला आहे. शाळेत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना हा नियम ऐकून थोडे बरे वाटेल.

जागा रिकामी झाली की विधिमंडळाचे सचिवालय निवडणूक आयोगाला कळवते आणि पुढचे काम आयोगाचे. गंमत अशी की ती किती दिवसांत भरायची याचे बंधन 1996 पर्यंत कायद्यात नव्हतेच. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात 151 अ हे कलम घालण्यात आले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक झाली पाहिजे, असे ते सांगते. त्याला अपवाद दोन. सदस्याच्या मुदतीपैकी एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल, किंवा मुदतीत निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तर हे बंधन नाही.

अधिसूचना निघाली की सातव्या दिवसापर्यंत अर्ज भरायचे, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार आणि मग प्रचाराला किमान दोन आठवडे. निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षे मिळत नाहीत. सभागृहाची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच त्याची. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी जागा नेमणूक करूनही भरतात. आपल्याकडे विधानसभेसाठी ती सोय नाही, मतदारालाच विचारावे लागते. हे मला बरे वाटते.

पदर सावरून प्रचाराला

पोटनिवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पांढऱ्या किंवा फिक्या साडीतली, हात जोडून उभी असलेली पत्नी. फेब्रुवारी 2015 मध्ये आर. आर. पाटील गेले. एप्रिलमध्ये तासगाव-कवठेमहांकाळ मतदारसंघातून त्यांच्या पत्नी सुमनताई निवडून आल्या. त्याच वेळी मुंबईत वांद्रे पूर्वमध्ये शिवसेनेचे दिवंगत आमदार बाळा सावंत यांच्या पत्नी तृप्ती सावंत यांनी माजी मुख्यमंत्री नारायण राणे यांचा पराभव केला. कोल्हापूर उत्तरचे चंद्रकांत जाधव डिसेंबर 2021 मध्ये गेले, तेव्हा एप्रिल 2022 मध्ये त्यांच्या पत्नी जयश्री जाधव विजयी झाल्या.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. घराणेशाही म्हणून बोट दाखवणे सोपे असते, आणि ते पूर्ण खोटेही नसते. पण वर्षानुवर्षे आमदाराच्या घरी येणाऱ्यांना चहा देणारी, नवरा दौऱ्यावर असताना गाऱ्हाणी ऐकून ठेवणारी, कोणाची विहीर कुठे आणि कोणाचे भांडण कोणाशी हे पाठ असलेली बाई राजकारणात अगदीच नवखी असते का? सुमनताई 2019 मध्ये पुन्हा निवडून आल्या. तेव्हा सहानुभूतीची लाट केव्हाच ओसरली होती. 2024 मध्ये त्याच मतदारसंघातून त्यांचा मुलगा रोहित आमदार झाला.

आणि सहानुभूती नेहमी पावतेच असेही नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याचे भारत भालके नोव्हेंबर 2020 मध्ये गेले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना एप्रिल 2021 मध्ये तिथे मतदान झाले आणि त्यांचे चिरंजीव भगीरथ भालके भाजपच्या समाधान आवताडे यांच्याकडून 3,733 मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देगलूरला मात्र करोनाने गेलेल्या रावसाहेब अंतापूरकरांचे चिरंजीव जितेश मोठ्या फरकाने जिंकले. दोन गावे, दोन मुलगे, दोन निकाल.

राजीनाम्यासाठी न्यायालयात

सगळ्यांत विलक्षण हकीकत अंधेरी पूर्वची. रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरी करीत होत्या. नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. तो स्वीकारला जाईना. नोटिशीच्या मुदतीचा मुद्दा निघाला. अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती 14 ऑक्टोबर 2022. आदल्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला आदेश दिला, की उद्या सकाळी अकरापर्यंत राजीनामा स्वीकारल्याचे पत्र द्या. पत्र मिळाले आणि अर्ज भरला गेला.

त्याच महिन्यात शिवसेनेचे धनुष्यबाण हे चिन्ह गोठवण्यात आले होते. उद्धव ठाकरे यांच्या गटाला मिळालेली मशाल पहिल्यांदा पेटली ती याच पोटनिवडणुकीत. भाजपचे उमेदवार मुरजी पटेल मैदानात होते. मग राज ठाकरे यांनी पत्र लिहिले, शरद पवारांनीही आवाहन केले, की दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला बिनविरोध निवडून द्यावे. पटेलांनी माघार घेतली. अपक्ष मात्र राहिले, म्हणून मतदान झालेच. जेमतेम एकतीस-बत्तीस टक्के लोक बाहेर पडले. ऋतुजा लटके यांना 66,530 मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर कोण? कोणीच नाही! 'नोटा'ला 12,806 मते पडली होती.

बिनविरोधाची ही रीत आपल्याकडे संस्कृती म्हणून सांगितली जाते. पतंगराव कदमांच्या निधनानंतर 2018 मध्ये पलूस-कडेगावातून विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले, तेव्हाही सर्वांनी कौतुक केले. शोकात असलेल्या घराला त्रास नको, ही भावना चांगलीच आहे. तरी मला एक शंका राहते. शोक घराचा असतो, मतदारसंघ घराचा नसतो. अंधेरीतल्या त्या बारा हजार माणसांनी रांगेत उभे राहून बहुधा तेच सांगितले असावे. पुढे 2024 च्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारसंघात मुरजी पटेलांनी ऋतुजा लटके यांचा पराभव केला.

मुद्दाम रिकाम्या केलेल्या जागा

मृत्यूने रिकामी झालेली जागा आणि ठरवून रिकामी केलेली जागा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार पडले. पुढेही काहींची भर पडली. 3 नोव्हेंबर 2020 रोजी त्या राज्यात एकदम 28 जागांची पोटनिवडणूक झाली. त्यांतल्या तीनच मृत्यूने रिकाम्या झालेल्या होत्या. भाजपने 19 जिंकल्या, काँग्रेसने 9. कर्नाटकात 2019 मध्ये 17 आमदार अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. डिसेंबरात 15 जागांवर मतदान झाले आणि भाजपला 12 मिळाल्या. ज्यांनी जागा रिकामी केली त्यांतलेच बरेच जण दुसऱ्या चिन्हावर त्याच दाराशी मते मागायला आले. या सगळ्याचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

मुख्यमंत्र्यांनाही पोटनिवडणुकीचा आधार लागतो. सभागृहाचा सदस्य नसलेल्या माणसाला मंत्रिपदावर सहाच महिने राहता येते. ममता बॅनर्जी 2021 मध्ये नंदिग्राममध्ये हरल्या. त्यांच्यासाठी भवानीपूरची जागा रिकामी करण्यात आली आणि सप्टेंबरअखेर त्या 58,835 मतांनी निवडून आल्या. उत्तराखंडात त्याच वर्षी तीरथसिंह रावत यांना ती संधी मिळाली नाही. विधानसभेची मुदत वर्षभरापेक्षा कमी उरली होती, पोटनिवडणूक होण्याची चिन्हे दिसेनात आणि चार महिन्यांतच त्यांना पायउतार व्हावे लागले.

आपल्या मुंबईतली एक जुनी पोटनिवडणूकही विसरून चालणार नाही. डिसेंबर 1987 मध्ये विलेपार्ल्यात शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू काँग्रेसच्या प्रभाकर कुंटे यांना हरवून निवडून आले. धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. याच प्रकरणातून बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. एका जागेच्या निवडणुकीचे पडसाद असे वर्षानुवर्षे उमटत राहिले.

पुन्हा पुण्यात

कसबा आणि चिंचवडचे मतदान आधी 27 फेब्रुवारी 2023 ला ठरले होते. त्या दिवशी बारावीची परीक्षा होती. शाळांत मतदान केंद्रे आणि शिक्षक मतदानाच्या कामावर, मग मुलांनी पेपर कुठे लिहायचा? आयोगाने तारीख एक दिवस अलीकडे आणली. परीक्षेपुढे निवडणूक झुकली, हे पाहून अनेक आयांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल.

चिंचवडमध्ये भाजपने लक्ष्मण जगतापांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी दिली आणि त्या छत्तीस हजारांच्या फरकाने निवडून आल्या. कसब्यात मात्र लोकमान्यांच्या घराण्यातील या सुनेच्या घरी उमेदवारी गेली नाही. ती हेमंत रासने यांना मिळाली. 1995 पासून भाजपकडे असलेला हा बालेकिल्ला काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जवळजवळ अकरा हजार मतांनी घेतला. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये रासने यांनी तिथेच धंगेकरांना हरवले.

या प्रचारात खासदार गिरीश बापट चाकाच्या खुर्चीत बसून, नाकाला प्राणवायूची नळी लावून कार्यकर्त्यांसमोर आले होते. कसबा त्यांचा जुना मतदारसंघ, तिथून ते पाच वेळा आमदार झालेले. महिनाभरातच, 29 मार्च 2023 रोजी, तेही गेले. आता पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. मुदत वर्षाहून जास्त उरली होती, तरी पोटनिवडणूक काही लागली नाही. आयोगाने इतर निवडणुकांच्या कामाचा भार पुढे केला. डिसेंबरात उच्च न्यायालयाने आयोगाला खडसावून ताबडतोब निवडणूक घ्यायला सांगितले. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्यासारख्या शहराला वर्षाहून अधिक काळ लोकसभेत खासदारच नव्हता.

अकोल्याला याच्या उलट घडले. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर 2023 च्या सुरुवातीला वारले. तेव्हा विधानसभेची मुदत संपायला वर्षाहून थोडेच दिवस जास्त होते. लोकसभेबरोबर 26 एप्रिल 2024 ला तिथे पोटनिवडणूक जाहीर झाली आणि उमेदवारांची जमवाजमव सुरू झाली. पण मार्चअखेर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. वर्ष मोजायचे ते जुना आमदार गेला त्या दिवसापासून नव्हे, तर नव्या आमदाराच्या वाट्याला किती काळ येतो त्यावरून, असा त्यामागचा विचार. याच खंडपीठाने 2019 मध्ये काटोलची पोटनिवडणूकही याच कारणाने थांबवली होती. अकोल्यातल्या मतदारांनी एप्रिलमध्ये केंद्रावर जाऊन खासदारासाठी बटण दाबले. आमदारासाठी त्यांना नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हा 1995 पासून शर्मांकडे असलेली ती जागा अगदी थोड्या मतांनी काँग्रेसकडे गेली.